चेंडूवर हुकमत कशी येते?



फुटबॉलच्या सामन्याला हजारों प्रेक्षक जमतात आणि गोल झाला कीं टाळ्यांच्या कडकडाटानें मैदान दुमदुमून टाकतात. परंतु तो गोल करणारा पाय कोठें आणि कसा तयार झाला, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. गवयाचा गळा रियाजानें तयार होतो, हें आपणांस पटतें. मल्लाचें शरीर आखाड्याच्या तांबड्या मातींत घडतें, हेंहि आपण जाणतों. परंतु धांवत्या गड्याच्या पायाशीं चेंडू आज्ञाधारकपणें रहावा, ही कला मात्र पुष्कळांना जन्मजात देणगी वाटते. ती शिकवितां येते कीं नाहीं, आणि येत असेल तर लहान मुलांना ती कवाइतीनें शिकवावी कीं खेळानें, हा वाद एक शतकाहून अधिक काळ चालला. त्यांत एका अभिमानी राष्ट्राचा गर्व उतरला. आपल्या शाळांच्या क्रीडांगणांवर मात्र या वादाचा निकाल अद्याप पुरता लागलेला नाहीं. म्हणून या वादाचा इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

चेंडूवर ताबा हेंच ज्याचें सर्वस्व, असा एक खेळ जपानांत हजारांहून अधिक वर्षें टिकून आहे. त्याचें नांव केमारी. मूळचा तो चीनमधून तिकडे गेला. चार कोपऱ्यांवर चार झाडें लावलेल्या अंगणांत गडी वर्तुळ करून उभे राहतात आणि हरणाच्या कातड्याचा हलका, पोकळ चेंडू जमिनीवर पडूं न देतां पायानें उडवीत एकमेकांकडे देतात. येथें कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं. चेंडू वर राहिला यांतच सर्वांचा आनंद असतो. क्योतो येथील शिमोगामो देवस्थानांत दर वर्षीं ४ जानेवारीस हा खेळ आजहि पहावयास मिळतो. पायाला हाताचें कौशल्य शिकवावें, ही कल्पना इतकी जुनी आहे.

आधुनिक फुटबॉलचा जन्म मात्र इंग्लंडांतला. २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडनांत फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. त्या वेळच्या पहिल्या नियमांप्रमाणें चेंडूच्या पुढें उभ्या असलेल्या गड्याकडे चेंडू देतां येत नसे. साहजिकच ज्याच्या पायांत चेंडू आला त्यानें तो स्वतःच शत्रूच्या गर्दींतून हाकीत न्यावा, आणि बाकीच्यांनीं त्याच्या मागें धांवत रहावें, अशी खेळाची रीत पडली. १८६६ सालीं हा नियम सैल झाला, तरी जुनी संवय सुटली नाहीं. पुढें ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगो येथें इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा पहिला सामना झाला. स्कॉटलंडचे सर्व गडी क्वीन्स पार्क या एकाच संघाचे होते. अंगानें ते इंग्रजांहून हलके, म्हणून धक्काबुक्की टाळून ते एकमेकांकडे चेंडू देत खेळले. गोल कोणाचाच झाला नाहीं. पण खेळाचें एक नवें तत्त्व पुढें आलें. आतां, दुसऱ्याला जें द्यावयाचें तें आधीं आपल्या ताब्यांत असावें लागतें. चेंडू अडवावा, शांत करावा आणि मग नेमका द्यावा, हें ज्याला येत नाहीं त्याला सहकार्य कसें साधणार? पण हें शिकवावें कोणी?

या प्रश्नाचें उत्तर ज्यानें आयुष्यभर शोधलें, त्याचें नांव जिमी होगन. त्याचा जन्म १८८२ सालीं लँकशायर परगण्यांतील नेल्सन या गांवीं झाला. तो बर्नली संघांत खेळत असतां एकदां त्याचा सोपा वाटणारा फटका गोलाच्या वरून गेला. माझा पाय कोठें चुकला, तोल कसा गेला, असें त्यानें आपल्या शिक्षकास विचारलें. दहांतून एक साधला तरी पुरे, नुसता मारीत रहा, अशा अर्थाचें उत्तर त्याला मिळालें. होगनचें समाधान झालें नाहीं. ज्या कामांत कां आणि कसें हे प्रश्न विचारतां येत नाहींत, तें काम शिकतां येत नाहीं, हें त्यानें ओळखलें आणि तो स्वतःच प्रत्येक हालचालीचा अभ्यास करूं लागला.

त्या काळीं इंग्लंडांतील अनेक नामांकित संघांत एक विचित्र समजूत रूढ होती. आठवडाभर गड्यांना चेंडूला फारसा पाय लावूं द्यावयाचा नाहीं, नुसतें मैदानाभोंवतीं धांवावयास लावावयाचें. म्हणजे शनिवारीं सामन्याच्या वेळीं ते चेंडूसाठीं भुकेले होतील! पोहणाऱ्यानें आठवडाभर कोरड्या जमिनीवर हात मारावे आणि शनिवारीं एकदम डोहांत उडी घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार. होगनचें मत याच्या नेमकें उलट होतें. त्याची शिकवण चेंडूपासून सुरू होई व चेंडूपाशींच संपे. अंग मोकळें करावयाचें तें चेंडू घेऊन, दम वाढवावयाचा तोहि चेंडू घेऊन.

स्वदेशांत त्याला कोणी विचारलें नाहीं. १९१० सालीं तो हॉलंडांतील डॉर्ड्रेख्ट येथें शिकवावयास गेला, आणि १९१२ सालीं ह्यूगो माइझल याच्या निमंत्रणावरून व्हिएन्नास. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून होगनला ऑस्ट्रियांत अटक झाली. पुढें तो बुडापेस्टला पोंचला आणि तेथील एम. टी. के. या संघाचा शिक्षक झाला. मोठे गडी लढाईवर गेलेले. म्हणून त्यानें पोरेंच हाताशीं धरलीं. एका बागेंत चेंडू खेळणारीं दोन मुलें त्याच्या नजरेंत भरलीं. त्यांचीं नांवें ओर्त आणि ब्राउन. दोघेहि पुढें हंगेरीचे नामांकित गडी झाले. एम. टी. के. नें १९१७ पासून १९२५ पर्यंत सलग नऊ वेळां हंगेरीचें अजिंक्यपद मिळविलें. युद्ध संपल्यावर होगन मायदेशीं परतला, तेव्हां तो अडचणींत होता. युद्धामुळें नुकसान सोसावें लागलेल्या गड्यांसाठीं जो निधि होता, त्यांतून मदत मागावयास तो फुटबॉल असोसिएशनच्या कचेरींत गेला. आम्हीं रणांगणावरील मुलांना पायमोजे पाठविले होते, असें म्हणून त्याच्यापुढें पायमोज्यांचे जोड ठेवण्यांत आले, असें त्यानेंच पुढें सांगितलें. परक्या मुलखांत अडकलेल्या माणसाला हा टोमणा किती झोंबला असेल, तें सांगावयास नको.

काळ मात्र न्यायी असतो. २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंड आणि हंगेरी यांची गांठ पडली. युरोप खंडांतील कोणत्याहि राष्ट्राकडून इंग्लंडचा संघ तोंवर आपल्या भूमीवर हरला नव्हता. खेळ सुरू होण्यापूर्वीं हंगेरीचा नायक फेरेन्त्स पुश्काश यानें मैदानाच्या मध्यभागीं सहज म्हणून चेंडू पायावर नाचविला. हा मनुष्य बुडापेस्टच्या किश्पेश्त भागांत चिंध्यांच्या चेंडूनें खेळत लहानाचा मोठा झाला होता. सामन्यांत त्याच्या पायाशीं चेंडू असतां इंग्लंडचा नायक बिली राइट त्याच्यावर झेंपावला. पुश्काशनें तळपायानें चेंडू अलगद मागें ओढला. राइट रित्या जागेवरून घसरत गेला, आणि पुढच्याच क्षणीं चेंडू जाळ्यांत जाऊन पडला. हंगेरीनें सहा गोल केले, इंग्लंडनें तीन. पुढच्या वर्षीं २३ मे रोजीं बुडापेस्टला पुनः सामना झाला, त्यांत सातास एक असा निकाल लागला. आम्हांस जें कांहीं येतें तें जिमी होगननें शिकविलें, असें हंगेरीच्या फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष शांदोर बार्च यांनीं वेंब्लीच्या विजयानंतर सांगितलें. त्या दिवशीं एकाहत्तर वर्षांचा होगन प्रेक्षकांतच बसला होता. त्याच्याबरोबर अ‍ॅस्टन व्हिला संघाचीं शिकाऊ मुलें होतीं. शिक्षकाच्या आयुष्यांत याहून मोठा दिवस कोणता असूं शकेल?

तळपायानें चेंडू मागें ओढण्याची ती युक्ति आज सात-आठ वर्षांचीं मुलें पहिल्या कांहीं दिवसांतच शिकतात. तींत अमानुषी असें कांहीं नाहीं. परंतु ती लहानपणीं हजारों वेळां पायांतून गेलेली असावी लागते, म्हणजे ऐन धामधुमींत विचार न करितांहि पाय आपलें काम करतो.

दक्षिण अमेरिकेंत हाच धडा निराळ्या वाटेनें शिकला गेला. उरुग्वे देशानें १९२४ आणि १९२८ सालचीं ऑलिंपिक अजिंक्यपदें आणि १९३० सालचा पहिला जागतिक चषक जिंकला. त्या देशांतील पोरें दिसेल त्या जागेंत चेंडू खेळूं लागलीं. मोंतेव्हिदेओ येथील वाय. एम. सी. ए. मधील शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनीं १९३० सालीं बंदिस्त जागेंत पांच-पांच गड्यांनीं खेळावयाच्या लहान फुटबॉलचे नियम बांधले. जागा लहान, गडी थोडे; म्हणून प्रत्येकाच्या पायाशीं चेंडू वारंवार येतो, आणि विचार करावयास उसंत मिळत नाहीं. हा खेळ पुढें ब्राझिलांत फार लोकप्रिय झाला. जगद्विख्यात पेले लहानपणीं हा खेळ खेळला. त्याच्या घरची गरिबी इतकी कीं, पायमोज्यांत चिंध्या व वर्तमानपत्राचे कागद कोंबून केलेला चेंडूच त्याला प्रथम मिळाला. पण चेंडू कशाचा आहे यापेक्षां तो किती वेळ आपला आहे, हें मुलाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें असतें.

हॉलंडांतील वील कूर्व्हर या शिक्षकानें या अनुभवाला शास्त्राचें रूप दिलें. त्याच्या हाताखालीं फेयेनोर्ड संघानें १९७४ सालीं यूएफा चषक जिंकला होता. त्यानें थोर गड्यांचे चित्रपट पुनःपुन्हां पाहिले, त्यांच्या हुलकावण्या व वळणें सुटीं करून पाहिलीं, आणि असा सिद्धान्त मांडला कीं, जें आपण दैवी म्हणतों तें लहान लहान हालचालींचें बनलेलें असतें आणि त्या हालचाली कोणत्याहि मुलाला क्रमाक्रमानें शिकवितां येतात. अट एकच: प्रत्येक मुलापाशीं स्वतंत्र चेंडू हवा. हा शिक्षक २०११ सालीं वारला. पण त्याची पद्धत आज अनेक देशांत चालू आहे.

आपल्या देशाचा इतिहासहि या बाबतींत उणा नाहीं. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोनास एक असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हां अकरांपैकीं दहा गडी अनवाणी होते. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें आपला संघ फ्रान्सशीं दोनास एक असा हरला. त्या सामन्यांतहि आपले बहुतेक गडी अनवाणीच खेळले. उघड्या पायाला चेंडूचा स्पर्श चांगला कळतो. परंतु कळलेल्या स्पर्शाला शिक्षणाची जोड मिळावी लागते. ती देणारा पुरुष हैदराबादेस निघाला. सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शाळामास्तर. हें सांगतांना माझ्यासारख्या पेन्शनर मास्तराला थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनीं राग मानूं नये. ज्या पायानें गडी कच्चा त्याच पायानें खेळावयाचे सामने रहीम यांनीं भरविले. कच्च्या पायाचा कच्चेपणा उपदेशानें जात नाहीं, खेळानें जातो, हें त्यांनीं ओळखलें होतें. त्यांच्या हैदराबाद शहर पोलीस संघानें १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें त्यांच्या शिकवणीखालीं भारत चौथा आला. तेथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध चारांपैकीं तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा गोव्यांतील आसगांवचा आणि मुंबईच्या मैदानांवर गाजलेला गडी होता. १९६२ सालीं जाकार्तास भारतानें दक्षिण कोरियास हरवून आशियाई क्रीडांचें सुवर्णपदक मिळविलें. त्या वेळीं रहीम दुर्धर रोगानें ग्रासलेले होते. दुसऱ्या वर्षीं जूनमध्यें ते निवर्तले.

आतां या इतिहासाचा आपल्या मुलांशीं संबंध काय, तें सांगतों. आपल्या शाळांतील खेळाचा तास डोळ्यांपुढें आणा. चाळीस मुलें, चाळीस मिनिटें आणि एक चेंडू. मुलें रांगेंत उभीं आहेत. एकेक जण पुढें येऊन एक लाथ मारतो आणि रांगेच्या शेवटीं जाऊन उभा राहतो. चाळीस भागिले चाळीस. म्हणजे एका मुलाच्या वांट्याला फार तर एक मिनिट आलें. बाकीचीं एकोणचाळीस मिनिटें तें उभें राहण्याची कला शिकतें! सामना लावला तर स्थिति आणखी वाईट. चारदोन दांडगे गडी चेंडू बळकावतात आणि भित्रा, बुटका किंवा जाडा मुलगा तासभर चेंडूपासून दूर पळत राहतो. माझ्या नोकरीच्या काळांत एका शाळेंत नवे चेंडू कपाटांत कुलुपांत असत. तपासनीस येणार असे कळले कीं ते बाहेर निघत. हा दोष एकट्या त्या शाळेचा नव्हे, मुलांपेक्षां वस्तूला जपणाऱ्या आपल्या वृत्तीचा आहे.

यावर उपाय खर्चाचा नाहीं. चामड्याचे चेंडू नसले तर रबराचे चालतील, तेहि नसले तर चिंध्यांचे. अंग मोकळें करण्याचीं पहिलीं पंधरा मिनिटें पुढीलप्रमाणें घालवावीं.

प्रथम चुन्यानें एक चौक आंखावा आणि सर्व मुलांनीं आपापला चेंडू पायानें हळूहळू खेळवीत त्यांत फिरावें. कोणाला धक्का लागतां कामा नये. म्हणजे मान आपोआप वर राहते, आणि चेंडूकडे न पाहतां तो पायाला ओळखूं येऊं लागतो. मग शिक्षकानें "थांबा" म्हणतांच तळपाय चेंडूवर ठेवावा. "गुडघा" म्हणतांच गुडघा व "कोंपर" म्हणतांच कोंपर चेंडूला टेकवावें. "बदला" म्हटलें कीं आपला चेंडू सोडून दुसऱ्याचा धरावा. मुलें हंसतात, आणि हंसतां हंसतां त्यांचा पाय सुधारतो.

दुसरा खेळ शिवाशिवीचा. दोघां-तिघांवर राज्य द्यावें. बाकीच्यांनीं आपला चेंडू पायाशीं ठेवून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळावें. राज्य असलेल्यानें चेंडू हुसकून लावला तर त्या मुलानेंहि राज्य घ्यावें. आपल्या आट्यापाट्यांत पाटी अडवून धरणाऱ्याला जी हुलकावणी द्यावी लागते, तीच येथें चेंडूसह द्यावयाची असते. आणि लंगडीनें एका पायावर तोल सांवरण्याची संवय ज्या मुलाला लागली, त्याला दुसऱ्या पायानें चेंडू फिरविणें जड जात नाहीं. आपल्या मराठी मुलांजवळ हें भांडवल पूर्वींपासून आहे. त्यावर व्यापार मात्र केला पाहिजे.

तिसरा खेळ आपला चेंडू राखून दुसऱ्याचा चौकाबाहेर घालविण्याचा. येथें शिक्षकानें एक गोष्ट सांभाळावी. ज्याचा चेंडू बाहेर गेला त्याला बाद करून बसवूं नये. बाद होणारा पहिला मुलगा नेहमीं तोच असतो, ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज असते. त्यानें बाहेर दहा वेळां चेंडू तळपायानें पुढेंमागें ओढावा आणि पुनः खेळांत यावें.

चौथा खेळ वर्तुळाचा. चौघांनीं कडेनें उभें राहून एकमेकांकडे चेंडू द्यावा आणि मधल्या गड्याला तो मिळूं देऊं नये. स्पेनमध्यें याला रोंदो म्हणतात. लाउरेआनो रुइस या शिक्षकानें १९७० नंतरच्या दशकांत बार्सिलोना संघाच्या मुलांत तो रुजविला, आणि आज जगांतील मोठमोठे संघ याच खेळानें अंग मोकळें करतात. लहानांनीं मात्र चेंडू जमिनीवरूनच द्यावा. डोक्यानें चेंडू मारण्यास अमेरिकेच्या फुटबॉल मंडळानें २०१५ सालीं दहा वर्षें व त्याखालील मुलांना बंदी केली. कोंवळ्या मेंदूला जपणें हें कौशल्याहून मोठें आहे.

कोणी म्हणेल, या पोरखेळांतून शिस्त कशी लागणार? त्यांना माझें सांगणें असें कीं, शिस्त म्हणजे स्तब्धता नव्हे. चाळीस मुलें चाळीस चेंडू घेऊन एका चौकांत फिरत आहेत आणि कोणी कोणाला धडकत नाहीं, याहून चांगली शिस्त कोणत्या कवाइतीनें लागेल? दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. ज्या मुलाला कोणीहि आपल्या बाजूला घेत नाहीं, त्याच्याहि पायाशीं येथें त्याचा स्वतःचा चेंडू असतो. तो कोणाशीं तुलना न होतां चुकूं शकतो, आणि महिन्याभरानें तोच चेंडू आपलें ऐकतो असें त्याला आढळून येतें. एवढा विश्वास घेऊन तो वर्गांत परतला, तर तो गणिताच्या फळ्यापुढेंहि ताठ उभा राहील.

होगनला मायदेशांत कोणी विचारलें नाहीं, याचें कारण तो कांहीं गूढ विद्या सांगत होता असें नव्हे. मुलाच्या पायाला चेंडू द्या, इतकेंच तो सांगत होता. आपल्या शाळांतील कपाटें उघडावयास आपणांस वेंब्लीसारख्या पराभवाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पालकांनीं घरच्या अंगणांत, गच्चीवर किंवा चाळीच्या चौकांत रोज पंधरा मिनिटें मोकळीं सोडावीं, आणि शिक्षकांनीं रांग मोडून प्रत्येकाच्या हवालीं एक चेंडू करावा. कोणाचा पुश्काश होईल, कोणाचा होणार नाहीं. पण खेळापासून दूर पळणारें मूल आपल्या शाळेंत एकहि उरूं नये, इतकें तरी खचित आपल्या हातचें आहे.